नाचरीची जळमटं

आमच्या घरातली जळमटं मी जाणूनबुजून, लक्ष घालून वाढवलेली होती.

तोंडाने मला हे कुणापुढे सांगता येणार नाही (तोंडाने मला कुणापुढे काहीच सांगता येत नाही), म्हणून लिहून ठेवते आहे. त्याआधी सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या लहानशा घरात जळमट नावाला सापडलं नसतं. दर शनिवारी मी लांब बांबूला झाडू बांधून सगळे कोपरे झाडायची. कोळी आमचं घर बघून रस्ता बदलायचे! अर्थात या स्वच्छतेचं कुणी एका शब्दाने कौतुक केलं नव्हतं. सासूबाई फार तर म्हणायच्या, "झाडलंस का? मग भाकरी टाक."

तर आमची एकुलती एक रेणू आठव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला टेंभुर्णीला दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण रेणूच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, रीतीपेक्षा स्वच्छतेला जास्त मानणाऱ्या. एसटीत बसण्याआधी त्या सीट पुसतात आणि उतरताना पुन्हा पुसतात (पुढच्या माणसासाठी!). साबणाची वडीसुद्धा वापरण्याआधी धुऊन घेणारी बाई! त्यांनी फोनवर मला आधीच बजावलं होतं.

"इहीनबाई, पोर धाडते तुमच्याकडं. पन मी कदी बी यीन बगा. घर आरशासारकं पायजे. न्हायतर त्याच गाडीनं पोरीला माघारी घिऊन जाईन! ऐकताय न्हवं?"

मी म्हणाले, "चहा ठेवते."

फोनवर!

रेणू आली ती घाबरलेली. शेजारपाजारच्या बायकांनी बाळंतपणाच्या नाही नाही त्या गोष्टी सांगून तिचं काळीज पाखराएवढं करून ठेवलं होतं. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. मागच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून गप्प बसायची. एकदा म्हणाली, "आई, मला जमेल का गं?" यावर बाकीच्या आया केवढं काय काय बोलल्या असत्या! मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मनात मात्र एकच होतं. पोर माझ्याजवळ राहू दे. बोलता आलं नाही तरी करता येईल.

आणि मग ती आली.

आमच्या मागच्या अंगणात एक डाळिंबाचं झाड आहे. त्याच्या बारक्या फांदीवर चिमणीएवढा एक पक्षी येऊन बसला. बसला म्हणणं चूक आहे, कारण ती बया बसेचना! डावीकडे गिरकी, उजवीकडे गिरकी, मध्येच शेपटीचा पंखा उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. पाठ काळसर, पोट पांढरं आणि डोळ्यांवर अशी जाड पांढरी भुवई, जणू कुणी बोटाने चुना ओढला आहे. आम्ही तिचं नाव नाचरी ठेवलं. नाचरी आणि तिचा नवरा दोघं मिळून त्या फांदीवर घरटं बांधायला लागले. (दोघं मिळून! मी हे आमच्या ह्यांना मुद्दाम दाखवलं. हे म्हणाले, "छान आहे," आणि पेपर वाचायला गेले.)

रेणू खुर्ची पुढे ओढून बघत बसली. बघता बघता अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी एक. वर शेंगाचटणी मागून घेतली! मी मनातल्या मनात नाचरीला हात जोडले.

आणि मग शनिवार आला.

मी बांबू काढला. खोल्या झाल्या, व्हरांडा झाला, खिडक्यांचे गज झाले, न्हाणीघराचा पत्रा झाला. शेवटच्या कोपऱ्यात एक जाळं उरलं होतं. तिथे मी झाडू लावला तर नाचरी समोर! जाळ्याच्या एका टोकाला तिची चोच, दुसऱ्या टोकाला माझा झाडू. तिने शेपटीचा पंखा उघडला आणि 'चक्‌ चक्‌' करून मला असं झापलं की सासूबाईंनीही कधी झापलं नव्हतं. तरी मी जाळं काढलंच. शनिवार होता ना!

सोमवारी जरा वारा सुटला आणि अर्धवट घरटं फांदीवरून घसरून खाली आलं.

"पडलं, आई," रेणू म्हणाली आणि ताट सरकवलं.

आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांच्याकडे पक्ष्यांचं एक जाडजूड पुस्तक आहे आणि कुणी विचारण्याची ते वाटच बघत असतात. ते पुस्तक घेऊन आले, पडलेलं घरटं तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "ही नाचण. पांढऱ्या भुवईची. बारीक काड्यांची वाटी करते आणि बाहेरून कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपते. जाळी म्हणजे तिचं सिमेंट! ते कमी पडलं बघा. आसपास जाळी नसावीत."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा ठेवायला गेले.

चहा घेऊन आले तोवर बाहेर भांडण लागलेलं! गुरुजींनी सांगितलं होतं की या पक्ष्याच्या प्रदेशाप्रमाणे उपजाती आहेत. उत्तर आणि मध्य भारतात एक, दक्षिणेत आणि श्रीलंकेत दुसरी, ब्रह्मदेशाकडे तिसरी.

"मग सोलापुरात कुठली?" ह्यांनी विचारलं.

गुरुजींचं बोट नकाशावर अडखळलं. "सोलापूर म्हणजे... जरा मधेच येतं."

"म्हणजे आमच्या घरासारखंच की!"

आमच्या सासूबाई अक्कलकोटच्या बाजूच्या. त्यांचं रागावणं आणि लाड करणं दोन्ही कानडीत चालतं. त्या ठामपणे म्हणाल्या, "ही हक्की कानडी आहे."

"आजी, हक्की म्हणजे?"

"पक्षी, गुरुजी. एवढं पुस्तक वाचता आणि हक्की माहीत नाही? सकाळी शिट्टी मारते ती ऐका. वर जाते, खाली येते, गाणं म्हटल्यासारखं. मराठीत कुणी इतकं गोड बोलतं का?"

"आजी, फरक शेपटीतल्या पांढऱ्या रंगात, चोचीत असा बारीक असतो. हातात धरून बघितल्याशिवाय सांगता येत नाही."

"मग धरता कशाला? मी ऐकून सांगते ना!"

गुरुजींनी पुस्तक मिटलं. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "गंगा, ती हक्की बसुरी आहे. आपली पोर पण बसुरी आहे. पोटुशी बाई घरात असताना दुसऱ्या पोटुशीचं घर मोडू नये. आता जळमट काढायचं नाही. बेडा!"

बेडा म्हणजे नको. पण सासूबाईंचं बेडा म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा. मी बांबू माळ्यावर टाकला.

नाचरीने पुन्हा काड्या आणायला सुरुवात केली. रेणू पुन्हा खुर्ची ओढून बसली. अडचण अशी की जळमटं होतीच कुठे? कोळ्यांना आमच्या घरी यायची सवयच राहिली नव्हती! तेव्हा मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. आपण होऊन शेजारच्या सुलोचनावहिनींच्या दारात गेले.

"या की, गंगाबाई! काय पाहिजे? साखर?"

"नाही... तुमच्याकडे... जरा जळमटं असतील का?"

वहिनींचा चेहरा पडला. "म्हणजे? आमच्या घरात जळमटं आहेत असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"कुणी नाही. मला वाटलं, असतील."

दार लागलं. एरवी त्यांच्याकडून वाटीभर काहीतरी यायचं, ते पुढे बरेच दिवस बंद झालं. (समजावून सांगायला हवं होतं, हे मला घरी पोचल्यावर सुचलं. मला सगळं घरी पोचल्यावरच सुचतं.)

शेवटी हे मदतीला आले. ह्यांच्या एका मित्राचा भवानी पेठेत बंद पडलेल्या मागांचा पत्र्याचा कारखाना आहे. तिथे माग उभे आहेत आणि त्यांच्यावर कोळ्यांनी आपले माग चालू ठेवले आहेत! ह्यांनी एका लांब काठीवर तिथली जळमटं गोल गोल गुंडाळली आणि ती काठी झेंड्यासारखी उभी धरून मित्राच्या स्कूटरवर मागे बसून आले. सिग्नलला एका बाईने विचारलं म्हणे, "काका, म्हातारीचे केस कुठे मिळाले एवढे मोठे?" हे म्हणाले, "भवानी पेठेत." खोटं काय होतं त्यात?

काठी व्हरांड्यात कुंडीत रोवली. जळमटांबरोबर कोळीही आले होते, बिऱ्हाडासकट. त्यांना आमचा व्हरांडा फार आवडला. थोड्याच दिवसांत छताला, गजांना, कपड्यांच्या दोरीला अशा झालरी लोंबायला लागल्या की नाटकातला भुताचा महाल असावा! खोल्या मी लख्ख ठेवल्या होत्या, पण व्हरांड्यात बोट लावलं नाही. नाचरी यायची, जाळं ओढायची, चोचीत गोळा करून न्यायची, वाटीत बसून छातीने दाबून दाबून लिंपायची. रेणू जेवत होती, हसत होती. एका दुपारी बोलून गेली, "आई, हिचं घर नीट पार पडलं ना, की माझंही पडेल बघ." चेष्टेत म्हणाली. पण चेष्टा नव्हती ती.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन वाजला.

"इहीनबाई, मी स्टँडवर उतरलेय. रिक्षा करून आलेच!"

आमच्या घरात पळापळ झाली. मी माळ्यावरून बांबू काढला. रेणू दारात आडवी उभी राहिली, पोटावर हात ठेवून. "आई, एक धागा जरी काढलास ना, तर मी आत्ताच्या आत्ता टेंभुर्णीला जाईन!"

काढलं तर पोर जाणार, नाही काढलं तरी पोर जाणार! मी बांबू पुन्हा माळ्यावर टाकला. ह्यांनी मागच्या दाराला मोठी चादर टांगली आणि म्हणाले, "मागे न्यायचंच नाही त्यांना. संपलं."

विहीणबाई आल्या. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा आणि पिशवीत केळ्यांचा घड. पाय धुतले, खुर्ची पुसली आणि बसल्या. नजर मात्र फिरत होती.

"त्या दाराला चादर का वो?"

"ऊन येतं," हे म्हणाले.

"आवं, त्यो दरवाजा उत्तरंकडं हाय की!"

"हो, पण उत्तरेचं ऊन यंदा जरा जास्त आहे."

विहीणबाईंनी सासूबाईंकडे मोर्चा वळवला. "आजी, बाळतिनीची खोली कुटं हाय? बगते की मी."

सासूबाईंना त्या दिवशी अचानक मराठी येईनासं झालं. त्या गोड हसून म्हणाल्या, "ऊटा आयता?" (जेवलात का?)

"न्हाय वो, खोली! खोली!"

"ऊटा आयता?"

आता सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "चहा ठेवते."

चहा झाला. विहीणबाई उठायला लागल्या. मी म्हणाले, "अजून थोडा घ्या." दुसरा झाला. त्या पुन्हा उठल्या. मग तिसरा. माझ्या बुद्धीचा एवढाच काय तो पसारा! पण चहाचंही एक असतं. तो आत गेला की कधीतरी बाहेरचा रस्ता विचारतो.

"इहीनबाई," त्या चुळबुळत म्हणाल्या, "जरा मागल्या अंगाला जाऊन येते."

संडास मागच्या अंगणात! वाट व्हरांड्यातून! आणि वाट माझ्याच चहाने काढून दिलेली!

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी चादर बाजूला केली आणि तरातरा व्हरांड्यात शिरल्या.

"अगं आई गं!" असा आवाज आला. आम्ही धावलो. एसटीची सीट दोनदा पुसणाऱ्या माझ्या विहीणबाई व्हरांड्याच्या मधोमध उभ्या होत्या. कपाळावर जळमट, नाकावर जळमट, अंबाड्यावरून एक झालर खांद्यावर आलेली, आणि एक कोळी बिचारा पदरावरून वाट शोधत होता.

त्यांनी शांतपणे तोंड पुसलं.

"रेणू. पिशवी भर."

"आत्या, ऐका तरी..."

"काय आयकू? ह्या आसल्या घरात तान्हं लेकरू ठिवायचं व्हय? भर पिशवी! आन जाताना मी हे समदं काडूनच जाते, कुनाच्या बी घरात आसं बगवत न्हाय मला!" असं म्हणून त्यांनी कुंडीतली ती भवानी पेठेची काठी उपटली आणि छताकडे उगारली.

बोलायला हवं होतं. मला कळत होतं की आत्ता, या क्षणी बोलायला हवं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, रेणूने बघितलं. माझ्या तोंडात "चहा" आलासुद्धा होता. तेवढ्यात नाचरी आली. डाळिंबावरून सूर मारून सरळ त्या उगारलेल्या काठीच्या टोकावर! शेपटीचा पंखा उघडला, इकडे गिरकी, तिकडे गिरकी. काठी खाली आली असती तर ती उडाली असती, पुन्हा आली नसती कदाचित.

"हलू नका!"

कोण ओरडलं म्हणून मी मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. मीच ओरडले होते! माझ्या विहीणबाईंवर! (ह्यांना साप निघाला असं वाटलं. ते खुर्चीवर चढले.)

विहीणबाई थिजल्या. नाचरीने जळमटाचा धागा चोचीत धरला, ओढला, गोळा केला आणि भुर्रकन डाळिंबावर जाऊन घरट्याला लिंपला. परत आली. पुन्हा ओढला. पुन्हा गेली. आणि एकदा तोंड उघडलं ते माझं मिटेना.

"तिला लागतात ती," मी म्हणाले. "मी झाडली म्हणून तिचं पहिलं घर पडलं. तेव्हा माझ्या पोरीने जेवण सोडलं. आता ती जेवते. खोली माझी स्वच्छ आहे, तुम्ही बघा. पण ही जळमटं मी काढणार नाही आणि रेणूलाही पाठवणार नाही. माझी पोर इथंच बाळंत होईल!"

एवढं मी लग्नानंतर एका दमात कधी बोलले नव्हते. विहीणबाई काठी वर धरून फांदीकडे बघत होत्या. नाचरी आत बसून छातीने वाटी गोल करत होती.

"आवं," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ही बी पोटुशीच हाय व्हय?"

"हौदु," सासूबाई म्हणाल्या आणि लगेच त्यांना मराठी आठवलं. "हो. कानडी आहे ती."

"आसंना. पोटुशीला कंची बी भाषा समजतीय." मग बऱ्याच वेळाने, काठी न हलवता, "इहीनबाई, हात भरून आला की वो! कुनीतरी दुसरं धरा की! आन मला मागं जायाचं हुतं, त्ये ऱ्हायलंच की!"

काठी मी धरली. परत आल्यावर त्यांनी खोली बघितली, गादीखाली हात फिरवून बघितला, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा फडताळात स्वतः ठेवला. "पोर हितंच ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाल्या. निघताना मात्र अंबाड्यातली जळमटाची झालर काढून त्यांनी हलकेच काठीला गुंडाळली. "तिची हाय," म्हणाल्या. मला तिथेच रडू आलं आणि मी घाईघाईने चहा ठेवायला गेले.

पुढे सगळं नीट झालं. नाचरीची पिल्लं उडाली त्याच आठवड्यात रेणूला मुलगी झाली. घाबरलेली पोर हसत हसत बाळंत झाली, असं नर्सबाई म्हणाल्या. मी देवाला नारळ दिला, आणि डाळिंबाखाली थोडं पाणी ठेवलं. कुणाचे उपकार कुणीकडून येतात, काही सांगता येत नाही. ते जाड भुवईचं पाखरू आलं नसतं तर मला आवाज आहे हे मला कळलंच नसतं. ह्यांचेही उपकार आहेत, त्यांनी भर रस्त्यातून ती काठी मिरवत आणली. आणि विहीणबाईंचे तर सर्वांत जास्त.

त्यांचा यंदा उन्हाळ्यात फोन आला.

"इहीनबाई! आमच्या लिंबावर आली हाय बगा तुमची नाचरी! काड्या आनतीया, पन जळमाट म्हनशीला तर माज्या घरात औषदाला न्हाय! काय करू?"

"चहा..." म्हणता म्हणता मी थांबले. म्हणाले, "आणते."

आणि मी आणली! काठीभर, ताजी, आमच्या व्हरांड्यातली. टेंभुर्णीच्या एसटीत काठी उभी धरून बसले. शेजारची बाई उठून मागच्या सीटवर गेली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हे काय?" मी म्हणाले, "लेकीच्या सासरी द्यायचं आहे." त्याने माझ्याकडे असं बघितलं की लेकीचं कसं होणार!

सोलापुरातून लोक पाहुण्यांना चादरी नेतात, शेंगाचटणी नेतात. मी जळमटं नेली. विहीणबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, उन्हात धरून निरखली आणि शेजारणींना बोलावून म्हणाल्या, "बगा गं! ह्याला म्हनायचं माल! माज्या इहीनीच्या घरासारकी जळमटं आख्ख्या जिल्ह्यात गावायची न्हाईत!"

इतकी वर्षं घर आरशासारखं ठेवलं. शेवटी माझं नाव निघालं, ते असं!